पण-सर

संगणकाच्या पडद्यावरची विद्युतप्रवाहाची रेघ सरसर वर चढली आणि खाली यायचं नावच घेईना.

"बघा सर! गोळीच कापून टाकली," त्यांची संशोधक विद्यार्थिनी म्हणाली. "आता चॅनल उघडलं की उघडंच."

सर खुर्ची ओढून पुढे सरकले. मज्जापेशीच्या पातळ भिंतीत पोटॅशियमला बाहेर पडायला इवलंसं दार असतं, तेच चॅनल. विजेचा दणका बसला की ते उघडतं, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत आतूनच दोरीला बांधलेली एक गोळी येऊन वाट बुजवते. गंमत म्हणजे दार तेव्हाही उघडंच असतं. आपल्या चॅनललासुद्धा अशी गोळी आहे, असं ही पोर म्हणाली तेव्हा सगळ्या प्रयोगशाळेने तिला वेड्यात काढलं होतं. सरांना मात्र तेव्हाच पटलं होतं. मनातल्या मनात.

"सुंदर," सर म्हणाले. "पण रेघ जाड काढायला हवी होतीस."

म्हणून तर पाठीमागे सगळे त्यांना पण-सर म्हणत. माणूस सोन्यासारखा, पण कौतुकाचा एक शब्द काही धड बाहेर पडेल तर शपथ!

तिने अॅप्रन काढून घडी केली आणि त्यावर कपाटाची किल्ली ठेवली. उद्यापासून ती औषधाच्या कंपनीत विक्रीचं काम करणार होती.

"एवढं शिकून औषधं विकणार?" सरांनी विचारलं.

"तिथे निदान कळतं तरी सर, आपलं काम बरं चाललंय की वाईट."

सकाळी बायकोने सरांना बजावलं होतं, "आज तरी मूग गिळून बसू नका. राहा म्हणून सांगा तिला. जन्मभर वर्गात बडबडलात, एक वाक्य जमू नये?" ते वाक्य त्यांनी बसमध्ये ओठांतल्या ओठांत घोकलं होतं. शेजारचा माणूस उठून दुसरीकडे जाऊन बसला, तरी घोकलं होतं. तू फार मोठं काम केलंस, पण जाऊ नकोस. बस, एवढंच.

ती पिशवी खांद्याला लावून निघाली. सर उभे राहिले.

"तू फार मोठं काम केलंस," ते म्हणाले. ती थबकून वळली. इतक्या वर्षांत हे तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं. सर एक पाऊल पुढे आले. "पण..."

"पण आकडे बारीक पडलेत," तिनेच हसत पुरं केलं. डोळे मात्र हसत नव्हते. "करते सर मोठे. घरून पाठवते."

सरांचं तोंड उघडंच राहिलं.

"हो," ते म्हणाले. "जरा बारीकच आहेत."

ती गेली. जिन्यावर तिच्या चपला वाजत होत्या. एक हाक मारली असती, तर सहज ऐकू गेली असती. दार उघडंच होतं.