रिव्हर्स नसलेली गाडी

आजची फेरी जमली तर पंपवाल्याच्या पदरात दोन गोष्टी पडणार होत्या. ट्रॅकच्या फाटकावरच्या फळ्यावर सर्वांत वेगवान म्हणून त्याचं नाव लागणार होतं, आणि तीन वर्षं त्या जागी ठाण मांडून बसलेला मेव्हणा पुढचं वर्षभर दर रविवारी त्याला गाडीसकट शेडबाहेर ढकलणार होता. दोघांच्याही शर्यतीच्या गाड्यांत मोटरसायकलचं इंजिन, आणि त्याला रिव्हर्स गियर नसतो. म्हणून पैज तशी लागली होती: फळ्यावर ज्याचं नाव, त्यानं ऐटीत सीटवर बसायचं, ज्याचं नाव नाही, त्यानं ढकलायचं. पंपवाल्याला दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा गोड वाटत होती.

मेव्हणा दातांचा डॉक्टर. भोकं पाडण्यात हात बसलेला. गाडी हलकी करायची म्हणून त्यानं पेडलपासून सीटच्या पट्टीपर्यंत सगळ्याची चाळण केली होती. पंपवाल्यानं आयुष्यभर पंप दुरुस्त केलेले. त्याचा विश्वास दाबावर. भंगारातल्या डिझेल गाडीचा टर्बो त्यानं इंजिनाला जोडला. धुराड्यातून वाया जाणाऱ्या धुरावर चक्र फिरवायचं आणि त्या चक्रानं इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. महिनोन्महिने तो गाडीमागे उकिडवा बसून कान लावायचा आणि ओरडायचा, “अगं, दाब. सोड. परत दाब.” सीटवर बायको असायची. सांगेल तसा ॲक्सिलरेटर दाबायची आणि मधूनच म्हणायची, “आत्ता नाही, जरा थांबून धक्का येतो.” तो कानामागे हात धरून म्हणायचा, “बोलू नकोस, ऐकू दे.”

तर आता तो वेगात होता. सरळ रस्त्यावर टर्बोनं शिट्टी मारली आणि पाठ सीटला चिकटली. त्याला हसू आवरेना. वळण आलं. त्यानं पाय दाबला; काही झालं नाही. आणखी दाबला. हा टर्बो म्हणजे उशिरा येणारा पाहुणा. बोलावलं की लगेच येत नाही, आणि येतो तो सगळं बिऱ्हाड घेऊन. वळणाच्या ऐन मध्यावर सगळा दाब एकदम आला. गाडी भोवऱ्यासारखी फिरली आणि नाक टायरच्या भिंतीला टेकवून गप्प उभी राहिली.

खरचटलं कुणालाच नव्हतं. गाडी मागे घ्यायची, एवढंच. आणि मागे घ्यायची सोय नव्हती.

मेव्हणा हेल्मेट काखेत मारून रमतगमत आला. मागून पंपवाल्याची बायको धावत आली.

“काय भावोजी, विसावा घेताय?”

“ढकला जरा.”

“मी कशाला? माझं नाव आहे फळ्यावर.”

“मेव्हणेबुवा, माझ्या पाळीची वेळ संपत आलीय.”

“ढकलेन की. पण आधी तुम्ही उतरा. मी काही क्रेन नाही.”

पंपवाला धुसफुसत पट्टे सोडून गाडीच्या लोखंडी नळ्यांच्या पिंजऱ्यातून बाहेर आला. पोट अडकलं, ते आधी सोडवावं लागलं. स्टिअरिंग धरायला कुणीतरी हवंच होतं. बायकोनं भावाच्या काखेतलं हेल्मेट घेतलं, डोक्यावर चढवलं आणि आत बसली. दोघांनी दोन बाजूंनी पिंजऱ्याला खांदा लावला. दातांचा डॉक्टर कण्हत होता, पंपवाला शिव्या घालत होता. गाडी मागे सरकली, बायकोनं चाकं वळवली, नाक रस्त्याकडे झालं.

“हां, उतर आता,” पंपवाला म्हणाला.

ती पट्टे ओढत होती. वीतभर आत आले, आणखी वीतभर आले.

“पाच मिनिटं उरलीत,” ती म्हणाली. “तुम्हाला नुसतं उतरायलाच तीन लागली.”

बटण दाबलं, गियर पडला, आणि दोघांच्या तोंडावर धूळ उडाली.

पहिली फेरी तिनं जपून मारली. दुसऱ्या फेरीला ती त्याच वळणाकडे आली, तेव्हा पंपवाल्यानं सवयीनं कान लावला. तिनं पाय फार लवकर दाबला. वळण अजून अर्धं बाकी होतं. “गेली,” तो पुटपुटला. पण चाकं सरळ झाली आणि बरोबर त्याच क्षणी शिट्टी आली. पाहुणा दारात पोचला तेव्हा दार उघडंच होतं. गाडी गोफणीतून सुटल्यासारखी सरळ रस्त्यावर गेली. पंपवाल्याला आत्ता कळलं. महिनोन्महिने दाब ऐकला होता त्यानं; पाठीवर झेलला होता तो तिनं.

“भावोजी,” मेव्हणा हळूच म्हणाला, “ताईचं वजन किती असेल?”

“आपल्या दोघांपेक्षा कमी,” पंपवाला म्हणाला आणि फाटकाकडे पळत सुटला. मेव्हणा त्याच्या मागोमाग.

ते पोचले तेव्हा ट्रॅकवर वेळ मोजणारा म्हातारा स्टुलावर चढून जुनं नाव पुसत होता. ती हेल्मेट काढून घाम टिपत उभी होती.

“पैज काय होती रे?” तिनं भावाला विचारलं. “परत सांग बघू, नीट.”

मेव्हण्यानं सांगितली. सांगता सांगता त्याचा आवाज बारीक होत गेला.

त्यानंतर वर्षभर दर रविवारी शेडचं दार उघडलं की सीटवर ती, आणि पिंजऱ्याला खांदा लावून दोघंही वाकलेले. पहिला हप्ता तर त्यांनी टायरच्या भिंतीपाशीच चुकता केला होता. फक्त तो आपण कुणाच्या खात्यावर भरतोय, हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.