चिकटलेला रुपया

सुज्ञ वाचकहो, एका जादूगाराने नाणे कसे निवडले, ती हकीकत गंभीरपणे निवेदन करतो. अर्धांगवायूने उजवा हात दुबळा झालेले भावकूआप्पा उद्याच्या बोरगावच्या जत्रेतील खेळासाठी नाणी पारखीत होते. चांदीचा रुपया तळहाती दडविला, तो घसरला; अधेली घसरली; पावलीसुद्धा भुईवर पडली. तंबाखूचे शेंडे खुडून परतलेल्या पत्नी गुणाबाईंनी रुपया उचलला, तर हात पालथा करूनही तो सुटेना. “तंबाखूचा चीक हाय ह्यो! धुवाय पायजे.” “न्हाय, धुऊ नगंस! उद्या तूच खेळ कर.” “येड लागलं व्हय? बाईमाणसाला लोक हसतील की!” “माझं नाणं पडल्यावर बी हसतीलच.” आप्पांनी दार लावले आणि तीस वर्षे गुणाबाईंपासूनही लपविलेली हातचलाखी त्यांचीच बोटे धरून शिकविण्यास आरंभ केला. हे वाचल्याबद्दल आपले आभार मानून थांबतो. आपला नम्र, परशराम नागोजी.