मधली टिचकी

म्युझिक कंपनीच्या बाईंनी गाणं पुन्हा एकदा ऐकलं, हेडफोन काढला आणि म्हणाल्या, "झकास! हे काढायचंच आपण. यात ड्रम कोणी वाजवलाय?"

ठोक्या म्हणाला, "तेच तर माहीत नाही."

"मग शोधा. त्यांची सही आणा. सही नाही तर गाणं नाही."

झाली ना पंचाईत! इतकी वर्षं दुसऱ्यांची गाणी वाजवून आता कुठे त्याचं स्वतःचं पहिलं गाणं निघत होतं, आणि ते अडलं कशावर, तर त्याच्याच अतिशहाणपणावर.

ठोक्या ब्रेकबीटवाला डीजे. जुन्या रेकॉर्डवर गाणारे जिथे गप्प होतात आणि ड्रमवाला एकटाच सुटतो, तेवढा तुकडा तो उचलायचा, कापायचा, मागचा ठोका पुढे लावायचा, वेग वाढवायचा आणि त्यावर लोकांना घाम फुटेस्तोवर नाचवायचा. चांगला तुकडा सापडला की तो लपवायचा, ही या धंद्यातली जुनी खोड. बाकीचे डीजे खांद्यावरून डोकावून रेकॉर्डचं नाव वाचतात, म्हणून लेबल पाण्यात भिजवून काढून टाकायचं.

ही रेकॉर्ड भंगारच्या दुकानात मिळाली होती, बिनकव्हरची. तिथल्या खरखरत्या मशीनवर ड्रमचे चार ठोके ऐकले आणि ठोक्या खूश. लेबलही धड न वाचता त्यानं ती घरी आणून बादलीत भिजत घातली आणि कामाला पळाला. संध्याकाळी येऊन बघतो तर ती स्वयंपाकघरात ताटांच्या शेजारी ऐटीत उभी. लेबलचा कपटाही उरला नव्हता. लपवालपवी इतकी फक्कड झाली की रेकॉर्ड कोणाची, हे आता ठोक्यालाही ठाऊक नव्हतं.

त्या तुकड्याची खरी गंमत होती मधल्या टिचकीत. दोन ठोक्यांच्या मध्ये, जिथे काहीच यायला नको, तिथे एक बारीकशी 'टिक'. काठीनं ड्रमच्या कडेला हलकेच मारल्यासारखी. तिथे नाचणाऱ्यांचा पाय आपोआप उचलला जायचा.

"काय हात आहे बघ!" ठोक्या आईला म्हणायचा. "हे शिकवून येत नाही, आई. उपजत असावं लागतं."

"असेल बाबा," म्हणून आई उठायची आणि नळ सोडायची. टिचकी ऐकू आली की तिला हटकून भांडी आठवायची. ठोक्या हिरमुसायचा. बाबा गेल्यापासून घरात दोघंच. आपलं एखादं गाणं आईनं शेवटपर्यंत ऐकावं, असं त्याला फार वाटायचं.

शोध सुरू झाला. भंगारवाल्यानं हात वर केले. ओळखीच्या वादकांनी माना हलवल्या. शेवटी शनिवारच्या पार्टीत ठोक्यानं तो तुकडा नुसताच लावला आणि माइकवर सरळ विचारलं, "हे कोणाचं, कोणाला माहीत आहे का?"

एक मुलगी गर्दीतून पुढे आली. "अहो, हे तर आमचे आजोबा रोज नाश्त्याच्या वेळी टेबलावर वाजवतात! फक्त ते मधलं टिक नसतं."

"वयामुळे विसरत असतील," ठोक्या म्हणाला. त्याला नाचावंसं वाटत होतं.

रविवारी ते आजोबा ठोक्याच्या घरी आले. ताठ कणा, पांढऱ्या मिशा, काखेत रेकॉर्ड. आईनं चहा दिला आणि ती लगेच आत भांड्यांकडे वळली. ठोक्यानं गाणं लावलं. पहिल्या ठोक्याला आजोबांची मान डोलली. टिचकी आली आणि मान थांबली.

"हे काय?"

"तुमची टिचकी, काका! सगळं गाणं तिच्यावरच तर उभं आहे."

"माझी? मी असला आगाऊपणा जन्मात केला नाही." त्यांनी काखेतली रेकॉर्ड काढली. "ही माझी प्रत. लाव."

ठोक्यानं लावली. तोच हात, तेच ठोके. टिचकी मात्र नाही. तिच्यावाचून सगळं कसं शहाण्या मुलासारखं हाताची घडी घालून बसलेलं. ठोक्याचं तोंड एवढंसं झालं.

"म्हणजे सही नाही करणार तुम्ही?"

"तुझं लाव परत," आजोबा म्हणाले. ठोक्यानं लावलं. या खेपेला टिचकीपाशी त्यांचा पाय उचलला गेला. मग आणखी एकदा. मिशीतल्या मिशीत ते हसायला लागले.

"छे! हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. कोणीतरी माझ्यावर कडी केलीय, पोरा. सही करतो मी. पण एका अटीवर. ज्यानं ही टिचकी मारली, त्याचं नाव माझ्या नावाशेजारी यायला हवं. दुसऱ्याचं श्रेय मी खाणार नाही."

"अहो, पण तो कोण ते कसं कळणार?" ठोक्या रडकुंडीला आला. "एकाला शोधता शोधता नाकीनऊ आले, आता हा दुसरा कुठून आणू?"

आतला नळ बंद झाला. ओले हात पुसत आई दारात आली. आधी तिनं आजोबांकडे पाहिलं, मग ठोक्याकडे, मग जमिनीकडे.

"माझं नाव लिहा," ती म्हणाली.

"तुझं?" ठोक्या ओरडला.

"लेबल काही केल्या निघेना, म्हणून तारेची घासणी जरा जोरात फिरवली, तर बाजूला चरा पडला. भिजत घातलंय म्हणजे घासायचंच असेल, असं वाटलं मला."