सिंकमधला चोथा

पाणी परत वर आलं.

मालनबाईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि सिंककडं बघत उभी राहिली. खरकट्या पाण्यावर तेलाचा तवंग आला होता. गेल्याच आठवड्यात तिनं हा पाईप घासूनपुसून मोकळा केला होता. आता काय म्हणावं या कर्माला!

“तुंबलं का वो, आत्या?” दारातून सुनेनं, रेश्मानं विचारलं.

आवाज नेहमीसारखाच शांत. तेच मालनबाईला खुपायचं. पोरीनं एकदा तडातडा बोलून घेतलं असतं तर परवडलं असतं.

“तुंबलंय खरं. पर म्या काय बी टाकलं न्हाई गं.”

“काढाल न्हवं?”

“काढते की. न काढून सांगती कुनाला?”

तिनं लुगडं खोचलं, सिंकखाली बादली सरकवली आणि पाईपची खालची बाटली फिरवून काढली. भसकन घाण पाणी आलं. मग भात, चहाचा चोथा, मऊ पडलेला भाकरीचा तुकडा. सायकलच्या तारेला आकडा करून तिनं उरलेलं ओढलं, बाटली परत बसवली, वरून खायचा सोडा टाकला आणि उकळतं पाणी सोडलं. पाणी गटागटा खाली गेलं.

पहिल्यांदा तुंबलं तेव्हा चूक तिचीच होती. ते ती नाकारत नव्हती. नवरा कानिफनाथ गेला आणि आदिनाथनं, तिच्या मुलानं, तिला जामखेडकडच्या गावाहून सुप्याला आपल्या फ्लॅटवर आणलं. जन्म ऊसतोडीत गेलेला, भांडी घासली ती चुलीतल्या राखेनं. येताना बाईनं राखेचं गाठोडं बांधून आणलं होतं! आल्यापासून नुसती पडून असायची, घास उतरायचा नाही; एक दिवस राहवेना म्हणून भांडी घासायला उठली आणि सगळी राख सिंकात. पाईप दगडासारखा झाला. अर्धा दिवस खपून तिनंच तो मोकळा केला होता.

त्या दिवसापासून तिनं राखेला हात लावला नव्हता. ताट आधी निपटायची, मगच धुवायची. तरी मेलं हे तुंबतंच!

आज पाईप मोकळा करून दुपारी ती दमून जेवायला बसली. दीड भाकरी खाल्ली, वर आमटी मागून घेतली. रेश्मा समोर बसून टक लावून बघत होती. मालनबाईनं हातातला घास ताटात ठेवला. किती खाते ते मोजतीय की काय ही?

संध्याकाळी आदिनाथ कंपनीतून आला. सिंकचं ऐकून वैतागला.

“आये, तू नको गं त्यात हात घालू. रविवारी प्लंबर आणतो. सगळा पाईपच बदलून टाकू.”

“कशाला प्लंबर?” रेश्मा पटकन म्हणाली. “आत्या हायेत की.”

मालनबाईच्या काळजाला ते लागलं. फुकटची गडीण मिळाली म्हणायची हिला!

शेजारच्या बनुबाईनं मागंच सांगून ठेवलं होतं. तिच्या बहिणीच्या सुनेनं असंच केलं. आधी कामाला लावलं, मग कामात चुका काढल्या, मग म्हातारीला एसटीत बसवून दिलं. मालनबाईच्या डोक्यातून ते जाईना. गावाकडं घराला कुलूप होतं आणि आत कानिफनाथचा रिकामा पलंग. त्या घरात एकटीनं राहायचं तिला भ्या वाटत होतं. लई भ्या वाटत होतं.

पुढचे काही दिवस सिंक नीट वाहिलं. मालनबाई भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. ताट आलं की भाकरीचा तुकडा चिवडायची आणि सरकवून द्यायची. उगाच कुणाच्या डोळ्यावर कशाला यायचं?

“दोन घास तरी खावा की, आत्या.”

“नगं गं. खायाची वासना न्हाई.”

रेश्मा ताट उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आदिनाथ कामावर गेला आणि मालनबाई पाणी प्यायला उठली. स्वयंपाकघराच्या दारातच थबकली.

रेश्मा सिंकवर वाकली होती. जाळी काढून बाजूला ठेवलेली. एका हातात वाटी, वाटीत रात्रीचा भात आणि चहाचा चोथा. मूठमूठ घेऊन ती पाईपात कोंबत होती, आणि वरून लाटण्याच्या टोकानं दाबत होती.

असं आहे होय! जिला लेकीसारखं मानलं, तीच अशी निघाली!

“दिसलं गं बाई, दिसलं!” ती ओरडली. “मला घालवायचं हाय तर तोंडानं सांगायचं हुतं. माझ्या माथी मारायला पाईप तुंबवतीस व्हय? म्हंजे आदिनाथ म्हनंल, म्हातारीला गावाकडं धाडा!”

रेश्मा दचकून वळली. हातातली वाटी खाली पडली, भात फरशीभर झाला.

“आत्या, तसं न्हाई...”

“मग कसं? धा येळा हात घातले म्या त्या घाणीत. तू दारात हुबी राहून बघत हुतीस. आजच जाते मी. बसवून दे एसटीत!”

ती खरंच माघारी फिरली. पिशवी खाली ओढली, दोन लुगडी त्यात कोंबली. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. रेश्मा मागोमाग आली आणि पिशवीचा बंद धरून उभी राहिली.

“सोड. काय वाकडं केलं हुतं गं तुजं म्या? बोल की!”

रेश्मानं बंद सोडला नाही.

“ज्या दिवशी सिंक तुंबत न्हाई, त्या दिवशी तुमी जेवत न्हाई, आत्या.”