जावयाचे हात

पोटरीत गोळा आला आणि नाबुकेन्याबाईंनी चादरीचं टोक दातांत धरलं. ओरडायची सोय नव्हती. पडद्यापलीकडे जावई शिलाई मशीनवर बसला होता.

पाठीच्या कण्याचं ऑपरेशन होऊन अठरा दिवस झाले होते. कण्यात सहा स्क्रू. ओंडक्यासारखं सरळ पडून राहायचं, कमरेतून वळायचं नाही, वाकायचं तर मुळीच नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जखमेचं एवढं काही नाही हो, ती आपली ठणकत राहते. पण हा मेला गोळा दिवसातून चार-चारदा यायचा, आणि आला की सगळं अंगच पिळवटायला बघायचा. लेक नांटेझा जवळ असली की पाऊल धरून बोटं गुडघ्याकडे दाबायची, मग सुटायचा. आज ती औषधं आणायला गेली होती, आणि फोन चुलीपाशीच विसरून. शेजारीण अजून चर्चमधून आलेली नव्हती.

मशीन थांबलं.

"आई?" कायोंडोने पडद्यामागून विचारलं. "गोळा आला का?"

"काही नाही, जावईबापू. तुम्ही तुमचं काम करा."

"आवाज तर काही नाही असा नव्हता."

जावयाने सासूला शिवायचं नाही, तिच्या नजरेसमोर यायचं नाही, हे बाईंच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. शिवलं तर दोघांपैकी एकाचे हात थरथर कापू लागतात, ते मरेपर्यंत. पाद्री याला खुळचटपणा म्हणायचे आणि बाईही चर्चमध्ये मान डोलवायच्या. पण सख्ख्या मावशीचे हात त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. खरं तर जावयाच्या घरी राहणंच शोभत नव्हतं. पण दूर गावाकडून, मसाकाहून, कंपालाच्या इस्पितळात त्यांना दर दोन दिवसांनी कोण आणणार? म्हणून हा पडदा. तो खाकरून जायचा, त्या डोक्यावरून चादर ओढून घ्यायच्या. त्यात कायोंडो पडला शिंपी. त्याचे हात गेले तर लेकीचं घर बसलं.

गोळा वर चढला. कंबर उजवीकडे खेचली जाऊ लागली तशी बाईंनी खाटेची कड घट्ट धरली. आता वळलं अंग की स्क्रू निसटणार, की पुन्हा ते टेबल, पुन्हा तो दिवा. तेवढं त्राण अंगात उरलं नव्हतं. खरं सांगायचं तर कशाचंच उरलं नव्हतं.

पडद्याच्या फटीतून इस्त्रीची फळी आत आली.

"पावलाला लागली का, आई?"

"लागली. ढकला."

"एवढं?"

"हळू. इकडे सासू आहे, बैलगाडी नाही."

फळीने जरा बरं वाटलं. मग ती टाचेवरून सटकली आणि गोळ्याने अशी काही मुसंडी मारली, की बाई ओरडल्याच.

"मी आत येतो," कायोंडो म्हणाला.

"नको. तुमचे हात..."

"हातांना कापड गुंडाळतो. मध्ये कापड असलं की शिवल्यासारखं होत नाही."

"हे कुणी सांगितलं?"

"आत्ता मीच."

बाईंनी तोंडावर चादर ओढली. तो भिंतीकडे तोंड करून, चाचपडत आत आला. शाळेच्या गणवेशाचं नवंकोरं कापड होतं, गुळगुळीत. आणि पाऊल घामाने निथळत होतं. एकदा पकड सुटली. दुसऱ्यांदाही सुटली. तो काहीतरी पुटपुटला, कापड जमिनीवर पडल्याचा आवाज झाला, आणि पुढच्या क्षणी तळव्याला उघडा पंजा लागला. सुईने टोचून टोचून दगड झालेली बोटंसुद्धा बाईंना कळली. नको म्हणायला अजून वेळ होता. त्या म्हणाल्या नाहीत.

त्याने बोटं दाबून धरली. पोटरी तडफडली, ताणली गेली, आणि सावकाश सैल पडली. कंबर जागच्या जागी राहिली. चादरीखाली बाई रडल्या. बरं वाटलं म्हणूनही आणि लाज वाटली म्हणूनही.

"सुटला?"

"सुटला. जा तुम्ही."

तो गेला. पण मशीन काही सुरू झालं नाही. बाई छताकडे बघत कान देऊन पडून राहिल्या. लेकीच्या घरात आपण काय करून बसलो, एवढंच डोक्यात फिरत होतं.

बऱ्याच वेळाने नांटेझा आली. गोळ्यांची पुडी उशाशी ठेवून चहाही घेऊन आली.

"गोळा नाही ना गं आला, आई?"

"तुझा नवरा काय करतोय?"

"बसलेत. हातांकडे बघत. मला म्हणाले, सुईत दोरा ओवतो, तू बघत राहा."

"मग? ओवला?"

"एका फटक्यात. का गं?"

"हात कसे होते?"

"कसे म्हणजे? होते तसेच. तुम्हा दोघांना झालंय काय आज? घे, चहा घे."

बाईंनी कप घ्यायला चादरीखालून हात काढले नाहीत. ते दोन्ही आत थरथरत होते. एकाने दुसऱ्याला धरून पाहिलं, तरी थांबेनात. दुखून दुखून तसं झालं असेल, थकव्याने असेल. बाईंना ते कुणाला विचारायचंच नव्हतं.

"ठेव तिथेच, निवू दे," त्या म्हणाल्या. "आणि त्यांना सांग, आता बिनघोर मशीन चालवा म्हणावं."