राखेतलं चुंबक

आम्लाच्या टाकीवर काम करणाऱ्या सुलभा वाकचौरेसमोर एका माणसानं राखेची पुडी सोडली.

"आमच्या आबांच्या यांत्रिक हृदयातलं चुंबक आहे. काल अस्थी वेचताना सापडलं. यातलं निओडिमियम आजच काढून द्या, जरा घाई आहे."

आता सोन्याहून महाग झालेला धातू, घाई सगळ्यांनाच असते. सुलभानं चुंबक धुतलं आणि सवयीनं बांगडीतली सेफ्टी पिन त्याच्याजवळ नेली. चितेच्या आगीत चुंबकाची ओढ मरते. बारा वर्षांत राखेतल्या एकाही चुंबकानं तिची पिन ओढली नव्हती.

आज पिन टपकन चिकटली.

तिनं टाकीवर झाकण ठेवलं.

"दादा, हे आगीत गेलेलंच नाही. हृदय काढलं तेव्हा आबा गेले होते ना?"

तो पुडीच्या रिकाम्या कागदाची घडी घालत राहिला.