सुतक फिटल्यावर

नवऱ्याचं सुतक फिटलं आणि न्हाऊन आलेल्या हेमांगीच्या हातात नणंदेने फणी पुसून दिली. फणी दवाखान्यातून मिळालेली, बटणावर चालणारी होती. डोक्यावरून फिरली की टाळूच्या तेलात उतरलेला ताण ती ओळखायची आणि कोंडा कशाने वाढला ते बोलून सांगायची. लग्न झाल्यापासून हेमांगीचं डोकं खाजून खाजून लाल व्हायचं. "घरात आरडाओरडा झाला की खपल्या वाढतात. कोण ओरडतं?" फणीने एकदा विचारलं होतं. "हिच्या डोक्यातच खोट आहे, तिथे फणी काय करणार?" असं म्हणून नवऱ्याने फणीचा आवाज बंद करून टाकला होता.

सुतकात ना औषधी शाम्पू, ना फणी. डोकं कोंड्याने भरलं असणार असं धरूनच हेमांगी विंचरायला बसली. हॉलमध्ये भेटायला आलेल्या बायका होत्या. पुसताना नणंदेकडून चुकून बटण दाबलं जाऊन फणीचा आवाज सुरू झाला होता.

"अभिनंदन!" फणी खणखणीत बोलली. "औषधाशिवाय टाळू स्वच्छ झाली. त्रासाचं कारण आता घरात राहिलेलं नाही."

बायकांनी तोंडाला पदर लावले. "माझ्या भावाला मेल्यावरही सोडत नाही ही!" नणंद कडाडली.

कोपऱ्यातल्या सासूबाई उठल्या. हार घातलेल्या लेकाच्या फोटोकडे पाठ करून त्या सुनेपुढे बसल्या आणि त्यांनी डोक्यावरचा पदर मागे सारला.

"माझ्याही डोक्यावरून फिरव गं," त्या हळूच म्हणाल्या. "पण आधी फणीचा आवाज बंद कर."